रंगवलेली फियाट घ्यावी की उभी राहिलेली?

मुंबईत जुनी फियाट घ्यायची म्हटलं की साधारण दोन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक गॅरेजमधून नुकतीच नटून आलेली: नवा रंग, चकचकीत क्रोम, नवी सीट कव्हरं आणि ‘एकदम ओरिजिनल’ हा दावा. दुसरी एखाद्या सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षं उभी, रंग विटलेला, टायर बसलेले. माझा कौल आधीच सांगतो: कागद आणि पत्रा जुळत असतील तर दुसरी घ्या, खर्च वाढला तरी.

आधी आरसी बुक आणि गाडी शेजारी ठेवून पाहा. भारतात फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ११०० डिलाइट १९६४ पासून निघू लागली; त्याच गाडीची प्रेसिडेंट आणि पद्मिनी ही नावं १९७०च्या दशकातली. मग आरसीवर १९६८ साल आणि डिकीवर ‘पद्मिनी’ असेल, तर दोन गाड्यांची एक केलेली असू शकते. गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. अंक वेडेवाकडे उमटले किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला तर तिथेच थांबा. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढवलेला हवा.

उभ्या गाडीचे कागद बहुधा एकाच घरातले असतात, जुन्या टॅक्सच्या पावत्यासुद्धा सापडतात. तिची अडचण निराळी: मूळ मालक वारलेले, वारसांच्या सह्या बाकी, नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं, गाडीचा नंबर आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत दिसत नाही. आरटीओत खेटे घालावे लागतील, पण हे निस्तरता येतं. खोटा चॅसिस नंबर निस्तरत नाही.

नटलेल्या गाडीत मी सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीला देईन: ती पूर्वी टॅक्सी होती का? डिकीचं अस्तर उचला, सीएनजीची टाकी बसवल्याची बुजवलेली भोकं शोधा. डाव्या बाजूला पुढे मीटर जिथे असायचा तिथला पत्रा चाचपा. दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आत काळा किंवा पिवळा रंग डोकावतो. बाहेरून रंगवणारे तिथवर सहसा पोचत नाहीत. टॅक्सी असणं वाईट नाही, या शहराने त्यांच्यावरच दिवस काढले. पण ती घरगुती गाडीच्या भावात विकणं ही फसवणूक आहे.

मग पत्रा. या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे फ्लोर आणि दाराखालचा पत्रा सडला की कणाच गेला. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत थोडा गंज असणारच. उभ्या गाडीत तो उघड दिसतो आणि त्यावर भाव पाडून मागता येतो. नटलेल्या गाडीत तो रंगाखाली असतो.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती मूळ रूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोज चालवायची असेल तर हा विचार सोडा.

नटलेली घ्यायचीच असेल, तर रंग खरवडून काढल्यावरचे उघड्या पत्र्याचे फोटो मागा. चांगलं काम करणारा गॅरेजवाला ते जपून ठेवतो आणि स्वतःहून दाखवतो. फोटो नसतील तर ओळखीचा पत्रेवाला सोबत न्या, गाडी जॅकवर चढवायला लावा, आणि तोवर टोकन देऊ नका.