बांगड्याचं ताट खा, रात्री लाईट जाणार नाही (म्हणे)

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो, तिथे बंदराकडे उतरताना एक चार टेबलांची खानावळ लागते, नावाचा बोर्ड नाही, दारावर नुसती 'जेवण तयार' अशी पाटी. आधी जेवणाचं सांगतो. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं एक नंबर, तिरफळ दाताखाली आलं की जीभ दोन मिनिटं झिणझिणते, उकडा भात हवा तेवढा. सोलकढी मात्र पाणचट, आणि ताट यायला अर्धा तास लागला.

पण तेवढ्या वेळात खानावळवाल्या काकांची वही बघायला मिळाली, तिथे जायचं खरं कारण तेच. लांबट हिशेबाची वही, पानांवर आमटीचे डाग, एका रकान्यात त्या दिवशी बांगड्याची ताटं किती खपली आणि शेजारच्या रकान्यात लाईट किती वेळा गेली. ताटं जास्त तर लाईट कमी वेळा जाते, ताटं शून्य तर दिवसातून चार-पाच वेळा ठरलेली. म्हणून काकांचं म्हणणं, बांगडा खा म्हणजे लाईट टिकेल. मी हसलो तर म्हणाले, "वयेत लिवलेलां आसा, खोटां कसां असतलां?"

आता शून्यवाली पानं बघितली तर सगळी जून-जुलैची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, काकांकडे बांगड्याच्या जागी काळ्या वाटाण्याचं सांबार, आणि त्याच दिवसांत वारा-पावसात फांद्या तारांवर पडतात. दोन्हीच्या मागे पाऊस, बांगडा बिचारा उगाच मधे!

सोबत भाचा होता, इंजिनिअरिंगवाला, त्याने लगेच मोबाईलवर टायलर व्हिगन नावाच्या अमेरिकन माणसाची साईट काढली. तिथे असलेच ग्राफ. 2000 ते 2009 मध्ये अमेरिकेत माणशी चीज किती खाल्लं आणि चादरीत गुरफटून किती जण मेले, दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळून चालतात त्याचं माप, 1 म्हणजे तंतोतंत) 0.947. तिथल्याच मेन नावाच्या राज्यातले घटस्फोट आणि मार्जरीनचा (लोण्याऐवजी वापरतात त्याचा) खप तर 0.99. इथे पाऊसबिऊस काही नाही, शुद्ध योगायोग. भाचा म्हणाला, हजार रकाने घेतले तर जोड्या होतात जवळपास 5 लाख, त्यात काही तरी जुळणारच की, आणि आकडे 10 वर्षांचे म्हणजे फक्त 10 ठिपके. काकांच्या वहीच्या जातीचं उदाहरण म्हणजे युरोपातल्या 17 देशांत करकोच्यांच्या जोड्या आणि बाळांचे जन्म यांचं, 0.62, कारण मोठ्या देशात दोन्ही जास्त असणार ना.

मला विचाराल तर काकांची वही त्या साईटपेक्षा भारी, तिथे कोणी तिखलं वाढत नाही. 5 पैकी 4 स्टार, एक सोलकढीचा कापला.

आणि हो, आम्ही तिघं बांगडा चापत असतानाच लाईट गेली. काकांनी मेणबत्ती लावली, वही ओढली, बोट फिरवत मोजलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तीनच ताटां खपली. पाच खपली आसती तर गेली नसती."