1976 ची शॉव्हेलहेड आणि नवी सॉफ्टेल : वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मोटरसायकल चालवण्याचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेला काळ गॅरेजचा. 1976 ची हार्ले-डेव्हिडसन एफएलएच (तिच्या इंजिनाचे नाव शॉव्हेलहेड) आणि त्याच कंपनीची 2018 ची सॉफ्टेल आळीपाळीने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की जुनी गाडी पैशापेक्षा लक्ष अधिक मागते, आणि ज्याला ते देणे रुचत नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

एफएलएचचे शॉव्हेलहेड इंजिन 74 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 1200 सीसीचे. सिलिंडर ओतीव लोखंडाचे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे सांध्यांची परीक्षा सतत चालू असते. आधीच्या कुणीतरी गळती थांबवण्यासाठी रॉकर बॉक्सच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, सांध्यात सिलिकॉन पेस्ट थापली होती. इंजिन खोलले तेव्हा तिची एक शेपटी तेलाच्या भोकातच अडकलेली सापडली. सुट्या भागांची मात्र चिंता नाही, कारण याच राज्यातल्या व्हायोला गावची एस अँड एस कंपनी ऑइल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बरेच काही बनवते. खरा खर्च होतो तो सिलिंडर बोअर करण्यावर, म्हणजे आतून कोरून सारखे करण्यावर, आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) अचूक जुळवून घेण्यावर, आणि हे काम जाणणारा कारागीर मिळेपर्यंत निम्मा हिवाळा सरतो.

गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पंपाची झडप झिजलेली असली, तर ऑइल टाकीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरते आणि इंजिन सुरू करताच ब्रीदरच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून फरशीवर येते. म्हणून आधी क्रँककेस रिकामे करावे. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कबिंदूंची, फट 0.018 इंच ठेवावी लागते, आणि फिलर गेज (फट मोजणारी पातळ पट्टी) किंचित अडखळत सरकली की ती बरोबर बसली असे समजावे. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला जोर पोचवणारे दांडे, थंड इंजिनावरच जुळवावेत.

सॉफ्टेलच्या 1745 सीसी मिलवॉकी-एट इंजिनाला यातले काहीच लागत नाही. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, जोडीला कंपन कमी करणारा बॅलन्सर आणि कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. त्यामुळे हमरस्त्यावर दिवसभर बसूनही हात बधिर होत नाहीत. वाहन म्हणून तीच सरस, यात वाद नाही. मात्र जुन्या गाडीत ठिणगी का येत नाही हे एक दिवा आणि दोन तारा घेऊन घरीच शोधता येते, तर नवीत त्यासाठी कोड वाचणारे यंत्र जोडावे लागते.

माझ्यापुरते सांगायचे, तर पुढची गाडी मी 1990 च्या दशकातली, शॉव्हेलहेडनंतर आलेल्या इव्होल्यूशन इंजिनाची आणि पाच गिअरची घेईन : सिलिंडरही अ‍ॅल्युमिनियमचे, कार्ब्युरेटर कायम, आणि खोलायला अजून पानेच पुरतात.