रत्नागिरीतलं सांघिक सायकल रेसिंगचं शिबिर: खरा धडा दुसऱ्या दुपारचा

हौशी रोड रेसमध्ये एकाच क्लबची जर्सी घालून पाच जण उतरतात आणि पाच वेगवेगळ्या रेस चालवतात. एक जण ब्रेकमध्ये, म्हणजे घोळका मागे टाकून पुढे, सुटतो, आणि त्याच्याच क्लबचा दुसरा पुढे येऊन सगळा घोळका ओढत त्याला पकडून आणतो. रत्नागिरी ते गणपतीपुळे या पट्ट्यात होणारं हे दोन दिवसांचं निवासी शिबिर नेमकं याच दुखण्यावर आहे. वॅट, हार्टरेट, वजन यांवर इथे वेळ घालवत नाहीत, आणि तेच बरं. ते घरी बसून वाचता येतं. शिकवणारे दोघे, शिकणारे सोळा, चार-चारांचे चार गट, आणि मागे मेकॅनिकसह पिकअप. सोळांच्या वर प्रवेश देत नाहीत, हा नियम त्यांनी कधी मोडू नये.

पहिली सकाळ आळीपाळीने पुढे येण्याच्या सरावाची: पुढचा वारा कापतो, मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो, म्हणून पाळ्या लावायच्या. दोन रांगा, एक पुढे सरकणारी आणि एक मागे येणारी. हौशी गटांत हे सर्वात जास्त बिघडतं, आणि कारण ठरलेलं असतं: पुढे येणारा गडी जोशात वेग वाढवतो. ताशी छत्तीस किलोमीटरने चाललेला गट एकदम एकोणचाळीसवर जातो, मागे फट पडते, ती भरायला मागचे उडी मारतात, आणि दहा मिनिटांत निम्मे लोक गळपटतात. इथला नियम सोपा आहे. पुढे येताना वेग वाढवायचा नाही. जो पुढून बाजूला झाला त्याने पॅडलवरचा जोर किंचित कमी करायचा. पुढच्या चाकापासून अर्धा ते एक मीटर अंतर, पुढे राहायचं जास्तीत जास्त वीस सेकंद. पुढे सरकणाऱ्या रांगेत जो शेवटी असतो त्याने ‘शेवटचा!’ अशी हाक द्यायची, म्हणजे शेजारून मागे येणाऱ्याला मान न वळवता कळतं की आता आपण रांग बदलून त्याच्या मागे लागायचं. हौशी रेसमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे ही हाकाहाकी घोटून घेतात ते योग्यच आहे. थकलेल्याने पुढे यायचंच नाही, मागे राहून जागा सोडायची, हेही स्पष्ट सांगतात. लाजेखातर पुढे येऊन वेग पाडणाऱ्यापेक्षा मागे बसलेला गडी टीमला परवडतो.

याच सकाळी साडेसहाला आडव्या वाऱ्यातली तिरकी रांग, म्हणजे एशलॉन, शिकवतात, आणि इथे शिबिराचं नियोजन चुकतं. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. झाडाचं पान हलत नसताना तिरकी रांग शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं. कुठे उभं राहायचं हे कळतं. का राहायचं ते अंगाला कळत नाही. समुद्राकडून येणारा खारा वारा अकराच्या सुमारास जोर धरतो आणि तीननंतर भरात असतो. नशिबाने दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला याचंच सत्र पुन्हा आहे, आणि शिबिराचे पैसे तिथे वसूल होतात.

त्या सत्रात गणपतीपुळ्याहून भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे, काळबादेवी असं दक्षिणेकडे येतात. ही दिशा अगदी बरोबर निवडली आहे. हिवाळ्यात दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. उत्तरेला जाताना तो डाव्या हाताने तिरका समोरून लागतो, दक्षिणेला येताना उजव्या हाताने तिरका मागून. मागून आलेला वारा आपल्या वेगाने तयार होणारा समोरचा वारा कमी करतो, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा वाटा वाढतो. मग आडोसा पुढच्याच्या पाठीमागे मिळत नाही, बाजूला सरकतो, आणि तिरकी रांग करावीच लागते. दुसरं कारण सुरक्षिततेचं. वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर उत्तरेला जाताना रांग उजवीकडे पसरते, आणि जागा न मिळालेला शेवटचा गडी आडोसा शोधत मधली रेषा ओलांडतो, थेट समोरून येणाऱ्या एसटीपुढे. दक्षिणेला येताना मधल्या रेषेजवळ पहिला गडी असतो, ज्याला समोरचं सगळं दिसतं. तरीही त्याने रेषेपासून अर्धा मीटर आत राहायचं, कारण पाळी संपल्यावर तो वाऱ्याच्या बाजूलाच, म्हणजे उजवीकडेच, सरकून मागे येतो. पहिल्या सकाळचा सराव मात्र उत्तरेला जाताना घेतात. तो बदलायलाच हवा.

आता डावपेच. आपल्या बाजूचा रस्ता जेमतेम अडीच-तीन मीटर. त्यात चार सायकली तिरक्या मावतात, पाचवी नाही. म्हणून चार जणांच्या टीमने पुढचा भाग धरला की बाकी सगळे डाव्या कडेला एकामागे एक लटकतात, आडोशाशिवाय. चौथ्या गड्याचं काम दरवाजा राखण्याचं: मागे येणाऱ्या आपल्याच माणसाला हाक मारून आत घ्यायचं, परक्याला आत शिरू द्यायचं नाही. सुरुवात कुठून करायची हे तर फारच छान दाखवतात. डोंगराची किंवा सुरूच्या झाडांची आड संपून समुद्र उघडा पडतो, त्याच्या पाचशे मीटर आधी चौघे पुढे सरकतात आणि उघड्यावर येताक्षणी जोर लावतात. आदल्या रात्री 2013च्या टूर द फ्रान्सच्या 13व्या टप्प्याची चर्चा घेतात. त्या दिवशी स्पेनच्या काँटाडोरच्या टीमने असाच वारा साधून फट पाडली आणि शर्यतीत आघाडीवर असलेल्या फ्रूमचा 1 मिनिट 9 सेकंदांचा तोटा केला. चर्चा चांगली रंगते. पण तिकडच्या रस्त्यावर एका रांगेत पुष्कळ जण मावतात. आपल्याकडे चार, हे त्यांनी अजून ठासून सांगावं. शिवाय डाव्या कडेची जांभ्याची साईडपट्टी डांबरापेक्षा खाली असते. चाक खाली उतरलं तर वर घ्यायला जाऊ नका, सरळ जाऊन वेग कमी करा. सर्वात जास्त पडझड चाक तिरकं वर काढतानाच होते.

आपल्या बऱ्याच रेस सकाळी सहाला सुटून वारा उठायच्या आत संपतात. त्यांत उपयोगी पडतं ते चढांवरचं सत्र. कोकणात प्रत्येक खाडीनंतर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणारा छोटा, उभा चढ असतो. हौशी रायडर पायथ्याशीच हल्ला करतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत संपतो. इथे शिकवतात की चढ सुरू होताना पहिल्या पाचांत असावं, चढावर गरज पडली तर हळूहळू मागे घसरावं, आणि हल्ला माथा ओलांडताना करावा, जेव्हा बाकीचे दम घ्यायला थांबतात. एक जण सुटला की बाकीच्या तिघांनी पाठलाग करणाऱ्यांच्या मागे नुसतं बसायचं, पुढे येऊन एकही पाळी द्यायची नाही. तो पकडला गेला की त्याच क्षणी दुसऱ्याने उडी मारायची. पकडणारे तेव्हाच सर्वात थकलेले असतात.

स्प्रिंटच्या तयारीला तासभरच देतात, तो अपुरा आहे. लीड-आउट देणारा, म्हणजे स्प्रिंटरला आपल्या मागे घेऊन शेवटाकडे नेणारा, झटका देऊन वेग वाढवतो आणि त्याचाच स्प्रिंटर मागे सुटतो, ही चूक सगळे गट करतात. वेग सावकाश चढवायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाजूला व्हायचं, एवढं कळतं. घोटून होत नाही.

नाश्त्याबद्दल तक्रार आहे. पहाटे पाचला तर्रीदार मिसळ देणं रेसिंगच्या शिबिरात शोभत नाही. मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मऊभात, मेतकूट आणि तूप मिळालं. तेच पहिल्या दिवसापासून द्यावं. सायकलवर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं आणि बाटलीत मीठ यावर मात्र बारकाईने लक्ष ठेवतात. इथल्या दमट हवेत नुसतं पाणी पीत राहिलं की तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात.

एकट्याने जाऊ नका, आपल्याच क्लबचे चार जण मिळून जा. अनोळखी माणसांबरोबर ठरलेल्या भूमिका परत घरी उपयोगी पडत नाहीत. पन्नास मिलिमीटरचा खोल रिम पुढच्या चाकाला नको, आरे-वारेच्या उघड्या वळणावर वाऱ्याने हँडल हिसकलं जातं. अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर घ्या, हवा नेहमीपेक्षा पाच पीएसआय कमी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तुकडी निवडा, आणि नाव नोंदवतानाच विचारा की दुसऱ्या दुपारचं सत्र नक्की आहे ना. काही तुकड्यांत ते परतीच्या प्रवासासाठी गाळतात. परतल्यावर त्याच रात्री सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेन पुसून तेल द्या. खाऱ्या हवेत सकाळपर्यंत गंज धरतो.