सीबॉर्नमधला थरांचा हिस्टोग्राम: काही महिने वापरल्यानंतर

पायथनमध्ये आलेख काढणारी लायब्ररी म्हणजे सीबॉर्न. तिच्या ०.११ आवृत्तीत, २०२० साली, 'हिस्टप्लॉट' हे फंक्शन आलं आणि एकावर एक थर रचलेला हिस्टोग्राम एका ओळीत जमू लागला: 'ह्यू'मध्ये गटाचा स्तंभ द्यायचा आणि 'मल्टिपल'ला 'स्टॅक'. हे विसरलात तर मूळ सेटिंग 'लेयर' लागू होतं. त्यात गट एकमेकांवर अर्धपारदर्शक पसरतात आणि चित्र थरांच्या हिस्टोग्रामसारखंच भासतं. नवख्याच्या हे लवकर लक्षात येत नाही.

खरं काम बिन्सचं, म्हणजे आकडे ज्या खणांत मोजले जातात त्यांचं आहे. सीबॉर्नसोबत मिळणारा पेंग्विन्सचा डेटा घ्या. पंखांची लांबी १७२ ते २३१ मिमी, सगळे आकडे पूर्णांकी. 'बिनविड्थ' २.५ दिली की एका बिनमध्ये तीन पूर्णांक, पुढच्यात दोन, आणि आलेख कंगव्यासारखा खालीवर होतो. डेटात तसं काहीच नसतं. रुंदी ५ ठेवा आणि 'बिनरेंज' १६९.५ ते २३४.५ द्या: नेमके १३ बिन्स, प्रत्येकात पाच पूर्णांक, कडेवर एकही आकडा नाही. स्वयंचलित बिन्स फक्त पहिल्या नजरेपुरते. डेटा बदलला की कडाही सरकतात आणि दोन महिन्यांचे आलेख शेजारी ठेवता येत नाहीत.

थरांचा क्रम 'ह्यू_ऑर्डर'ने ठरतो. यादीतला शेवटचा गट तळाशी बसतो, त्यामुळे लेजंड (कोणता रंग कोणत्या गटाचा हे सांगणारी सूची) आणि रास यांचा क्रम जुळतो. ही सोय मला फार आवडते. ज्या गटाचा आकार वाचकाने नीट पाहावा असं वाटतं तो यादीत शेवटी टाका, कारण सपाट पाया फक्त तळाच्या थरालाच मिळतो. वरच्या थरांचा आकार खालच्यांमुळे वाकडा होतो. तीन-चारपेक्षा जास्त गट असतील तर थर रचूच नयेत, वेगळे पॅनेल करावेत. उभा अक्ष लॉगमध्ये (दर पायरीला दहापट वाढणारा) तर कधीच नको: वरचा थर दबतो आणि जाडीला अर्थ उरत नाही.

'स्टॅट' 'डेन्सिटी' करताना, म्हणजे उंचीत संख्येऐवजी घनता दाखवताना, सगळ्या गटांचं मिळून क्षेत्रफळ १ ठेवणारं 'कॉमन_नॉर्म' चालूच ठेवा. बंद केलंत तर प्रत्येक गटाचं क्षेत्रफळ १ होतं आणि तीन गटांची रास ३ भरते. 'मल्टिपल'चा 'फिल' प्रकार प्रत्येक बिनमधला गटांचा वाटा दाखवतो खरा, पण दोन नोंदींचा बिन चाळीस नोंदींच्या बिनएवढाच उंच दिसतो. मोजणी आधीच झालेली असेल तर ती 'वेट्स'मध्ये द्या.

रंग फिके वाटतात, कारण थरांची अपारदर्शकता मुळात ०.७५ असते, 'अल्फा' १ करा. कड पांढरी, जाडी ०.५ ठेवली की बिन्स सुटे दिसतात. कड काढूनच टाकली तर पीडीएफमध्ये पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या फटी दिसतात. मग कडेला पट्टीचाच रंग द्यावा.

लेजंड ही या साधनाची सर्वांत दुबळी बाजू. जागा बदलायला मॅटप्लॉटलिबची (सीबॉर्न ज्यावर बांधलंय ती लायब्ररी) नेहमीची लेजंड-आज्ञा दिली की आधीचा लेजंड जातो आणि रिकामी चौकट येते. ०.११.२ पासूनचं 'मूव्ह_लेजंड'च वापरा.

मराठी नावं द्यायची तर मूळ फाँटमध्ये अक्षरांऐवजी चौकोन येतात. देवनागरी फाँट लावला तरी मी वापरलेल्या मॅटप्लॉटलिबच्या ३.८ आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं तुटतात. एसव्हीजी या चित्र-फाइलच्या प्रकारात आलेख काढताना 'फाँटटाइप' 'नन' ठेवलं की मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर तो नीट जुळवतं.