पहिली नोकरी: मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल की खासगी?

नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं की प्रत्येक नव्या नर्सला हा प्रश्न येतोच. मी दोन्हीकडे काम केलंय: आधी एका मध्यम खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत, मग मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डात.

शिस्त मी खासगीत शिकलो, हे आधी सांगतो. बेडजवळ उभं राहून ओव्हर देणं (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवणं), रोज क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, तपासणं, चार्ट वेळच्या वेळी भरणं. दोन पेशंटमागे आम्ही एक जण असायचो. कॉलेजच्या वॉर्डात हे सुख नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयांत ३ खाटांमागे १ नर्स, इतरत्र ५ मागे १ असा आहे; पण फ्लोअर बेड (जमिनीवरच्या गाद्या) धरून साठ पेशंट आणि नाइटला आम्ही दोघंच, असं कितीदा झालंय. नवे इंटर्न आले की त्यांना शीर शोधून द्यायचं कामही आपल्याकडेच येतं.

तरी मी खासगी सोडलं, ते फोनवरच्या ऑर्डरींमुळे. एका रात्री दोन वाजता पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम २.६, म्हणजे फारच कमी आलं. कन्सल्टंटना, म्हणजे पेशंटच्या मुख्य डॉक्टरांना, फोन केला. “केसीएल (पोटॅशियमचं इंजेक्शन) वीस लाव,” म्हणाले आणि ठेवला. वीस काय? दहा मिलीच्या एका अँप्युलमध्ये वीस मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं. वीस मिली धरलं तर डोस दुप्पट. पुन्हा फोन लावला, उचलला नाही. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, म्हणाले, “सरांनाच विचार.” चाळीस मिनिटं अँप्युल ट्रेमध्ये तशीच ठेवून मी मॉनिटरकडे बघत उभा होतो. शेवटी फोन लागला, वीस मिलिइक्विव्हॅलंट ठरलं. फाइलमध्ये ऑर्डर माझ्या अक्षरात; डॉक्टरांची सही सकाळच्या राउंडला, तीही मागे लागल्यावर. काही बिघडलं असतं तर कागदावर फक्त मी होतो.

कॉलेजात रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेणारा डॉक्टर, शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. उठवलं की वैतागतो, पण येतो, पेशंट बघतो, स्वतःच्या हाताने लिहितो. शंका आली तर तिथल्या तिथे विचारता येतं. सकाळी सर विद्यार्थ्यांना शिकवत असतात तेव्हा इंजेक्शन भरता भरता आपल्याही कानावर पडतं. हे पोटॅशियम आधी का घसरलं, ते मला तिथेच कळलं.

सगळी खासगी हॉस्पिटलं अशी नसतील, आणि कुणाला घराजवळची नोकरीच हवी असेल तर तेही बरोबर. फक्त मुलाखतीत पगाराच्या आधी एवढं विचारा: रात्री दोन वाजता ऑर्डर कोण लिहितं?