ब्रेक दाबताच थरथरणारी गाडी : दुरुस्तीनंतर ११ महिने आणि १४,००० किलोमीटर

हा अनुभव लिहायला मुद्दाम वेळ घेतला. याच दुखण्यावरची पहिली दुरुस्ती जेमतेम ६,००० किलोमीटर टिकली होती, आणि तेव्हाही सुरुवातीचे काही महिने गाडी अगदी अलगद थांबत होती. म्हणून या वेळी ठरवलं, आधी भरपूर चालवायची, मगच लिहायचं.

ताशी ८०-९० च्या वेगात ब्रेक हलका दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. वेग कमी होईल तशी थरथर संथ होत जायची आणि ४० च्या आसपास पायाखाली पेडल वर-खाली होतंय हे स्पष्ट जाणवायचं. ब्रेक सोडला की सगळं शांत. निदानाच्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेकला पाय न लावताही ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग तपासा. निसरड्या रस्त्यावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर पेडलला जे भराभर हिसके बसतात ते एबीएसचे (चाकं अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे), तो बिघाड नाही. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर आणि सीटमध्ये जाणवत असेल तर मागच्या, हा ढोबळ ठोकताळा माझ्या बाबतीत तरी बरोबर निघाला.

पहिल्या वेळी गॅरेजमध्ये सांगितलं, ‘डिस्क वाकल्यात.’ पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि पॅड (ब्रेक दाबला की त्यांना चिमटीत धरणाऱ्या पट्ट्या) नवीन टाकले. मोजमाप काहीच केलं नाही. सहा हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. नव्या डिस्क इतक्या लवकर कशा वाकतील?

त्या वाकल्याच नव्हत्या. दुसऱ्या मेकॅनिकने चाक काढून आधी मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) घेतला आणि डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. उजव्या डिस्कवर सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०२ मिलिमीटरचा फरक निघाला. ऐकायला नगण्य वाटतं, पण दाबलेल्या पॅडखालून ती जाड-पातळ जागा प्रत्येक फेऱ्यात एकदा जाते. ताशी ८० ला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण ११-१२ फेरे घेतं, म्हणजे तितक्या वेळा ब्रेकचा जोर कमी-जास्त होतो. तोच स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

मग डिस्क फिरताना किती डगमगते हे बघायला त्याने डायल गेज (काट्याचं मोजमाप यंत्र) लावून ती हाताने फिरवली. काटा ०.११ मिलिमीटर हलला. साधारणपणे ०.०५ च्या आत असावा लागतो, नेमकी मर्यादा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. डिस्क उतरवल्यावर कारण समोरच होतं. हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या) सपाट तोंडावर, कडेला गंजाची खपली. नवी डिस्क त्या खपलीवरच बसवली गेली होती. हबच्या कडेला असलेला एवढासा उंचवटा डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाताना जवळपास दुप्पट होतो. अशी तिरकी बसलेली डिस्क, ब्रेक न लावता गाडी पळत असतानाही, दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासत राहते. तिथे ती हळूहळू झिजून पातळ होते. म्हणून त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही, काही हजार किलोमीटरनंतर उगवतो. हे तेव्हाच कळलं असतं तर पहिली दुरुस्ती वाया गेली नसती.

हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत केलं, बोल्टांच्या भोवतीचा गंजसुद्धा काढला. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा त्या बऱ्याच जाड होत्या, त्यामुळे दोन्ही लेथवर हलक्या हाताने घासून घेतल्या. बसवून पुन्हा गेज लावलं, ०.०६ आलं. मग डिस्क हबवर एक बोल्ट पुढे फिरवून बसवली, ०.०३ आलं. पाच मिनिटांचं काम, पण मला वाटतं या दुरुस्तीतलं सगळ्यात मोलाचं तेच. उजव्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) एक स्लाइड पिनही, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती पिन, घट्ट झाली होती, ती साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. पॅड नवीन घातले.

नवे पॅड डिस्कशी नीट जुळवून घ्यायलाही शिस्त लागते. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी केला, मध्ये पूर्ण थांबलो नाही, नंतर थोडा वेळ ब्रेक न वापरता डिस्क थंड होऊ दिल्या. तेव्हापासून लांब उतारावर खालचा गिअर ठेवतो, आणि तापलेल्या ब्रेकवर उभं राहावं लागलं तर सपाट जागी पेडल सोडून हँडब्रेक लावतो. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिला की त्याचा थर एकाच जागी उमटतो आणि त्यानेही थरथर सुरू होऊ शकते.

मध्ये एकदा पंक्चर काढताना चाकाचे नट इम्पॅक्ट गनने कसले गेले. घरी येऊन ते सगळे सैल केले आणि समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) ११० न्यूटन-मीटरला बसवले. हा आकडा माझ्या गाडीचा, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. नट असमान आवळले तरी डिस्क तिरकी ओढली जाऊ शकते.

आज ताशी १०० वरून ब्रेक लावला तरी स्टिअरिंग स्थिर असतं. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर ऐकू येते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज, लगेच निघून जातो. मागच्या महिन्यात पुन्हा मोजून घेतलं : डायल गेजवर ०.०४, आणि मायक्रोमीटरवर आठही ठिकाणी जाडी सारखी. त्याच तपासणीत डावीकडच्या लोअर आर्मचं (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) रबरी बुश चिरलेलं दिसलं. ढिलं बुश बारीकशी थरथरही मोठी करून दाखवतं, म्हणून ते पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदलून घेतो आहे.