झिजलेली तबकडी, जुनं ड्रॉइंग आणि डीएक्सएफ : आपोआप ट्रेस की हाताने रेखाटन?

मे महिना सरत आला की तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपसमोर पेरणी यंत्रांची रांग लागते. कुणाच्या बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रातली बियाण्याची तबकडी झिजलेली असते, कुणाच्या रोटाव्हेटरची फ्लँज भोकांपाशी फाटलेली, तर कुणी घडीवर विरलेल्या ड्रॉइंगची झेरॉक्स घेऊन येतो. नवा भाग मागवावा तर मृग निघून जातो. लेझर कटिंगवाला अमरावतीच्या किंवा नागपूरच्या एमआयडीसीत असतो आणि त्याला वस्तू नको असते, डीएक्सएफ, म्हणजे कापणाऱ्या मशीनला समजणारी रेघांची फाईल हवी असते. ती करायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, स्कॅन इंकस्केपमध्ये टाकून आपोआप ट्रेस करणे, म्हणजे चित्रातल्या काठांवरून प्रोग्रॅमकडूनच रेघा काढून घेणे. दुसरा, तोच स्कॅन खाली अंथरून फ्रीकॅडमध्ये किंवा लिब्रेकॅडमध्ये हाताने रेखाटणे. तिन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, त्यामुळे निवड पैशांवर अडत नाही.

कोणताही रस्ता घ्या, स्कॅन वाईट असेल तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून आधी त्याबद्दल. चपटी वस्तू ए४ फ्लॅटबेडवर मावत असेल तर फोटोच्या फंदात पडू नका. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं. त्यात एक पिक्सेल ०.०८५ मिमीचा होतो, आणि प्लाझ्माच्या (विजेच्या ज्वाळेच्या) कटिंगची चीरच साधारण दीड मिमीची असते. ६०० वर फाईल चौपट होते, पण काठावरचा गंज काही कमी होत नाही. भाग डिझेलने पुसून कोरडा करा. काचेवर ओएचपीची पारदर्शक शीट टाका, नाहीतर पहिल्याच बुराला काचेवर चरा पडतो. काळ्या लोखंडावर पांढरा कागद झाका, पांढऱ्या प्लॅस्टिकवर काळं कापड. शेजारी स्टीलच्या दोन पट्ट्या ठेवा, एक उभी आणि एक आडवी. स्कॅनरचा दिवा सरकतो त्या दिशेचं माप आणि आडव्या दिशेचं माप कधीकधी किंचित वेगळं निघतं, आणि एकाच पट्टीवर ते कळत नाही. दिव्याच्या उजेडाने जाड भागाच्या एका काठाला सावली पडते. भाग १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घेतला की काठ कुठला आणि सावली कुठली ते स्पष्ट होतं. स्वस्त, पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. काचेपासून जरा वर उचललेला भाग त्यात धूसर येतो. बुश किंवा कडी वर आलेली असेल तर सपाट बाजूच काचेला लावा.

ए४ पेक्षा मोठ्या भागावर कागद ताणून बसवा आणि पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या. मग तो ठसा तुकड्यांत स्कॅन करा. मोबाईलचा फोटो शेवटचा उपाय, कारण त्यात जाडी दगा देते. ५० सेंमीवरून फोटो घेतला आणि प्लेट १० मिमी जाड असली तर वरचा काठ खालच्यापेक्षा सुमारे २ टक्के मोठा दिसतो. २०० मिमीच्या प्लेटवर हा फरक ४ मिमी भरतो. २ मीटर लांब जाऊन झूम केलं तर तोच फरक १ मिमीवर येतो. कागदपत्रं स्कॅन करायचं मोबाईल ॲप इथे मुळीच वापरू नका. ते चार कोपरे ओढून चौकोन ‘सरळ’ करतं आणि लांबी-रुंदीचं प्रमाण बदलून टाकतं. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रेघा विरघळतात.

आता ट्रेस. इंकस्केपमध्ये चित्र निवडून पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप उघडा. ‘ब्राइटनेस कटऑफ’ सुरुवातीला ०.४५ असतो. गंजलेल्या भागाला तो थोडा वर-खाली करावा लागतो. ठिपके गाळायचं स्पेकल्स वाढवा, नाहीतर धुळीच्या प्रत्येक कणाचं एकेक बेट तयार होतं. ट्रेस झाल्यावर मूळ चित्र बाजूला करून पुसा, कारण ते ट्रेसच्या खालीच दडलेलं असतं. वस्तूच्या बाह्यरेषेसाठी हे खरोखर झकास चालतं आणि पाच मिनिटांत होतं. गेटची जाळी, दुकानाच्या बोर्डाची अक्षरं, पोळ्याच्या बैलाच्या सजावटीचा नमुना, हाताने काढलेली वेलबुट्टी अशा कामांना मी दुसरा रस्ता सुचवणारच नाही. तिथे वळण डोळ्याला बरं दिसलं की काम झालं.

ड्रॉइंगच्या रेघांना मात्र पहिली अडचण लगेच येते. अर्ध्या मिमीची शाईची रेघ ३०० डीपीआयला सहा पिक्सेल रुंद असते. ट्रेसला ती रेघ म्हणून दिसत नाही, काळी पट्टी म्हणून दिसते, आणि तो तिच्या दोन्ही काठांनी फिरतो. फाईलमध्ये एका रेघेच्या दोन रेघा होतात आणि मशीन एकाच जागी दोनदा कापतं. इंकस्केप १.० पासून ‘सेंटरलाइन’ ट्रेस आला आहे. तो रेघेच्या मधून जातो, पण जिथे दोन रेघा मिळतात तो कोपरा ओढल्यासारखा वाकडा येतो. मोजक्या रेघा असतील तर कोपरे हाताने नीट करता येतात. दाट ड्रॉइंगमध्ये ते करता करता नवं ड्रॉइंग काढून झालं असतं.

हे सगळं एकवेळ चालवून घेता येईल. माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला ती म्हणजे भोक.

ट्रेसने काढलेल्या भोकाला मध्य नसतो आणि व्यासही नसतो. ते वर्तुळ नसून वर्तुळासारखं दिसणारं वळण असतं, वेड्यावाकड्या बिंदूंवर शिवलेलं. डीएक्सएफमध्ये जाताना त्याच्या स्प्लाइन (बिंदूंमधून ओढलेली मोकळी वळणं) होतात किंवा बारीक सरळ तुकड्यांची माळ होते. कटिंगवाल्याने फाईल उघडली की त्याला ‘१० मिमीचं भोक’ दिसत नाही, दीडशे तुकडे दिसतात. एम१० बोल्टसाठी ते ११ करा म्हटलं तर त्याला करता येत नाही, सगळंच पुन्हा काढावं लागतं. प्लाझ्माचा टॉर्च तुकड्या-तुकड्यावर गचके खात जातो, आत स्लॅग (वितळून थिजलेला लोखंडाचा मळ) चिकटतो आणि भोकाला चरे पडतात. पाच भोकांची फ्लँज असेल तर पाचही भोकं आपापल्या मनाने थोडी सरकलेली असतात. त्यातल्या चार भोकांत बोल्ट जातो, पाचव्यात जात नाही, आणि मग रीमर नाहीतर गोल कानस घेऊन बसावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ट्रेस झीजसुद्धा इमानदारीने उतरवतो. तबकडीचं मधलं भोक शाफ्टवर घासून अंडाकृती झालेलं असतं, म्हणून नवी तबकडी पहिल्या दिवसापासून डुगडुगते. काठावरच्या खाचा रुंद झालेल्या असतात. तशाच कापल्या तर एका खाचेत दोन-दोन सोयाबीन बसतात आणि वावरात जोड दाणे पडत जातात. शेतकरी झिजलेली वस्तू घेऊन येतो, पण त्याला हवी असते ती नवी असतानाची वस्तू. ती स्कॅनमध्ये नसते, ती रेखाटणाऱ्याला ओळखावी लागते.

हाताने रेखाटताना ती ओळखायला जागा मिळते. फ्रीकॅड ०.२१ किंवा त्यापुढचं घ्या. स्कॅन इम्पोर्ट केला की डावीकडच्या यादीत येतो. त्यावर डबल क्लिक करून कॅलिब्रेट निवडा, पट्टीवरचे ० आणि १५० हे दोन बिंदू दाखवा आणि १५० लिहा. मग त्याच पातळीवर स्केच उघडा. पहिल्यांदा मधलं भोक काढा, पण त्याचं माप स्कॅनवरून घेऊ नका. त्यात बसणारा शाफ्ट व्हर्निअरने मोजा, तोही तबकडी जिथे घासत नाही तिथे. बोल्टची भोकं बोल्टवरून ठरवा : एम१० ला ११, एम१२ ला १३.५ मिमी. स्कॅनचा उपयोग एवढाच की कुठे काय आहे ते दिसावं. आकडे व्हर्निअर सांगतो.

भोकांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, काढायला शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर लागतं. भोकं फाटलेली असली तरी ते मिळतं. दोन भोकांच्या बाहेरच्या काठांमधलं अंतर घ्या, आतल्या काठांमधलं घ्या, आणि त्यांची सरासरी काढा. तीन भोकं असतील तर ती १.१५४७ ने गुणा, चार असतील तर १.४१४२ ने, पाच असतील तर १.७०१३ ने, सहा असतील तर २ ने. पाच भोकांत सरासरी ६० आली तर पीसीडी १०२.०८, म्हणजे मूळ डिझाइन बहुतेक १०२ चं. प्रत्येक जोडी मोजून पाहा. एखादी जोडी वेगळी बोलत असेल तर तिथलं भोक ओढलं गेलं आहे.

खाचांचंही तसंच. सगळ्या काढत बसू नका. सर्वांत कमी झिजलेली एकच खाच शोधून ती नीट काढा. २४ खाचा असतील तर दर १५ अंशांवर तिची प्रत फिरवा. लिब्रेकॅडमध्ये हे रोटेटच्या ‘मल्टिपल कॉपीज’ने एका झटक्यात होतं, आणि या एका कामासाठी मला लिब्रेकॅड जास्त सोपं वाटतं. खाचेला आतून उतार असेल तर तो स्कॅनमध्ये दिसणार नाही. त्याची खोली आणि कोन कागदावर वेगळा लिहून ठेवा. तबकडी लेझरवर कापायची तर कटिंगवाल्याला साहित्य आधी सांगा. ॲक्रिलिक चालतं, पीव्हीसी चालत नाही. त्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो, जो माणसाला आणि मशीनला दोघांनाही घातक आहे.

जुन्या ड्रॉइंगबाबत एकच नियम : लिहिलेला आकडा खरा, मोजलेलं अंतर खोटं. झेरॉक्सची झेरॉक्स होताना आकार बदलतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन ताणतो, आणि तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. म्हणून कॅलिब्रेट करताना ड्रॉइंगवरचं सर्वांत लांब लिखित माप घ्या, मग आडव्या दिशेचं दुसरं माप ताडून पाहा. फ्रीकॅडच्या कन्स्ट्रेंटमध्ये (रेघेला माप बांधून द्यायच्या सोयीत) तो आकडा टाकला की रेघ त्या मापाला येऊन बसते, खालचं चित्र काहीही म्हणो. ट्रेस केलेल्या वळणाला असा आकडा सांगायची सोय नाही, आणि जुन्या ड्रॉइंगच्या कामात तीच सोय सर्वांत मोलाची आहे.

वेळ? पाच भोकांच्या फ्लँजला सवय झाल्यावर अर्धा तास, तबकडीला पाऊण. ट्रेसला पाच मिनिटं खरी, पण पुढची डागडुजी धरली तर माझ्या अनुभवात फारसं काही वाचत नाही. तुमचं काम मुख्यतः जाळ्या आणि बोर्डांचं असेल तर हा हिशोब वेगळा येईल.

राहिला चहूबाजूंनी फोटो काढून थ्रीडी करण्याचा रस्ता. ५०-६० फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा मोठा भाग पुन्हा आलेला, चकचकीत भागावर टाल्कम पावडर मारलेली, एवढी तयारी लागते. मेशरूम हा फुकट प्रोग्रॅम पूर्ण ताकदीने चालवायला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड हवं. शेवटी मिळते ती त्रिकोणांची जाळी, आणि तिला स्वतःचं माप नसतं. बिडाच्या वाकड्या हाऊसिंगचा आकार समजून घ्यायला ती खाली अंथरावी, एवढाच उपयोग मला दिसतो. पत्रा कापायला नाही.

फाईल देताना डीएक्सएफ आर१२ निवडली तर जवळपास सगळीकडे उघडते. आर१२ मध्ये स्प्लाइन नसते, पण शुद्ध रेघा, वर्तुळं आणि चाप यांचंच ड्रॉइंग असेल तर काही बिघडत नाही. चिरेची भरपाई ड्रॉइंगमध्ये करू नका. ती कटिंगवाला त्याच्या मशीनप्रमाणे करतो, आणि दोघांनी केली की भाग बिघडतो. इंकस्केपची फाईल दुसरीकडे उघडून १०० मिमीची रेघ १०६.६७ किंवा ९३.७५ दिसली तर घाबरू नका. इंकस्केप ०.९२ पासून इंचाला ९६ पिक्सेल धरतं, आधी ९० धरायचं, हा त्याच बदलाचा फरक आहे.

पाठवण्याआधी कागदावर छापून पाहा, प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ नाही तर ‘ॲक्च्युअल साइज’ निवडून. छापलेल्या १०० मिमी रेघेवर पट्टी धरा. मग कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून भोकं कापा आणि पुठ्ठा थेट यंत्रावर चढवा. पाचही बोल्ट हाताने आत गेले, पुठ्ठा कुठे ताणला नाही, की फाईल पाठवा.